एसी नसलेल्या खोलीत उन्हाळाभर जुने गेम: नवा कन्सोल, पंखे आणि गरम हवेला वाट

परीक्षा संपल्या की पुण्यात सुट्टी आणि उकाडा एकदमच येतात, दुपारी बाहेर पडायची सोय नसते आणि मग घराघरात टीव्हीसमोर कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन, सुरू होतो. बऱ्याच जणांकडे आता सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस ५) किंवा मायक्रोसॉफ्टचा नवा एक्सबॉक्स आलाय, जुन्या डिस्कचा डबा कपाटात तसाच पडून आहे आणि खोलीत एसी नाही. अशांसाठी हे लिहितोय. कुठले जुने गेम नव्या मशीनवर चालतात, कसे चालवायचे, आणि ती खोली नुसत्या पंख्यांवर बसण्यासारखी कशी ठेवायची हे सगळं एकत्रच सांगणारे, कारण हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. कन्सोल म्हणजे खोलीत ठेवलेला छोटा हीटर आहे, त्याचा पंखा त्याची उष्णता बाहेर फेकतो खरी पण फेकतो तुमच्याच खोलीत. पुढे ती कुठून बाहेर जाणार ते तुम्हाला ठरवायला लागतं. खोलीतल्या पंख्याचंही तसंच आहे, पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हिशेब करून बघा. पीएस ५ वर नवा जड गेम चालू असला की २०० वॅटच्या आसपास वीज लागते, ती सगळी शेवटी उष्णता होते. टीव्ही त्याचे ७०-१०० वॅट घालतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकत असतो, दोघं खेळत असाल तर २०० आले. म्हणजे दहा बाय बाराच्या बंद खोलीत जवळपास ५०० वॅटची शेगडी तासन् तास चालू, आणि वर स्लॅब तापलेला. मग दोन तासांनी डोकं धरतं यात नवल काय!

इथेच जुन्या गेमचा फायदा कळतो. पीएस ४ च्या जमान्यातला साधा गेम पीएस ५ वर चालवला तर मशीनला तेवढं राबावं लागत नाही, वीजही बरीच कमी लागते, टूडी गेम असेल तर आणखीच कमी. नव्या एक्सबॉक्समधला छोटा, सिरीज एस, तर एरवीही शंभर वॅटच्या आतच राहतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की एप्रिल-मेमधे दिवसा जुने, हलके गेम खेळा आणि नवे जड गेम रात्री गारवा आल्यावर लावा. सोनीच्या माहितीपुस्तिकेत पीएस ५ ५ ते ३५ अंश सेल्सिअसमधे वापरायला सांगितलंय, आणि वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली दुपारी चारला ३५ सहज ओलांडते. दोन-तीनशे रुपयांचं खोलीतलं थर्मामीटर आणून टीव्हीशेजारी लावा, अंदाजाने काही करू नका. पारा ३५ च्या वर गेला की कन्सोल बंद.

कुठला गेम कुठे चालतो

पीएस ५ घेतलेल्यांना सगळ्यात सोपं आहे. पीएस ४ चे ४००० हून जास्त गेम त्यावर चालतात, न चालणारे अगदी मोजके. पण डिस्कवरचा गेम असेल तर खेळताना दरवेळी डिस्क आत लागते, नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. त्यामुळे डिस्कची खाच नसलेली डिजिटल एडिशन घेऊन बसलेल्यांच्या जुन्या डिस्क त्या मशीनला उपयोगाच्या नाहीत. नंतर आलेल्या स्लिम मॉडेलला मात्र डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत मिळतो आणि बाजूला बसवता येतो, पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं एवढं लक्षात ठेवा.

जागेचा प्रश्न येतोच, कारण आतली मेमरी लवकर भरते. पीएस ४ चे गेम यूएसबीवरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून तिथूनच थेट खेळता येतात, पीएस ५ चे गेम मात्र तसे खेळता येत नाहीत, फक्त ठेवता येतात. हार्ड डिस्क २५० जीबी ते ८ टीबीमधली हवी, फास्ट यूएसबीची हवी आणि हब न लावता सरळ कन्सोललाच जोडायची. जुन्या पीएस ४ वर हीच डिस्क वापरत असाल तर काढून पीएस ५ ला लावा, गेम जसेच्या तसे दिसतात, परत डाउनलोड करत बसायला नको. सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून आणता येतात किंवा दोन्ही मशीन एकाच वायफायवर घेऊन डेटा ट्रान्सफर करता येतो. आणि जुना पीएस ४ चा कंट्रोलर फेकू नका, पीएस ४ चे गेम त्याने पीएस ५ वर खेळता येतात. पीएस ५ चे गेम त्याने चालत नाहीत. दुसरा खेळाडू आला की याचा फार उपयोग होतो, नवीन कंट्रोलरचे पैसे वाचतात.

एका गोष्टीवर बरेच जण अडकतात. काही गेमची पीएस ४ आणि पीएस ५ अशी दोन्ही व्हर्जन असतात आणि दोन्हीचे सेव्ह वेगवेगळे असतात. गेमच्या आयकॉनवर जाऊन तीन टिंबांचं बटण दाबलं की कुठलं व्हर्जन ते निवडता येतं. तुमची शंभर तासांची प्रगती गायब झाल्यासारखी वाटली तर आधी इथे बघा. आणि उकाड्यात मुद्दाम पीएस ४ चं व्हर्जन निवडलं तर मशीन कमी तापतं हा वरचा फायदा आहेच.

पीएस ३ ची डिस्क पीएस ५ मधे चालत नाही, पीएस २ आणि पीएस १ चीही नाही. पीएस ३ मधला सेल प्रोसेसर फार वेगळ्या बनावटीचा होता, त्यामुळे ते गेम नव्या मशीनवर आणणं अवघड आहे. भारतात पीएस प्लसचा, म्हणजे सोनीच्या गेमच्या वर्गणीचा, सगळ्यात वरचा प्लॅन डिलक्स नावाने मिळतो, त्यात पीएस १, पीएस २ आणि हातात धरून खेळायच्या पीएसपीचे निवडक गेम डाउनलोड करून खेळता येतात. बाहेरच्या देशातल्या प्रीमियम प्लॅनमधलं पीएस ३ चं स्ट्रीमिंग आपल्या डिलक्समधे नाही, हे पैसे भरायच्या आधी माहीत असू द्या. तेव्हा ज्यांच्याकडे पीएस ३ चांगला चालतोय त्यांनी तो विकू नये असं मला मनापासून वाटतं, तो ठेवाच. प्लॅनमधल्या क्लासिक गेममधे एक सोय मस्त आहे, कुठेही सेव्ह करता येतं आणि चुकलं की थोडं मागे जाता येतं. जुने गेम सेव्ह पॉइंट येईपर्यंत सोडता यायचे नाहीत, आणि उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो.

जुन्या गेमच्या बाबतीत एक्सबॉक्सवाल्यांची चंगळ आहे. नव्या मोठ्या एक्सबॉक्सवर, सिरीज एक्सवर, आधीच्या एक्सबॉक्स वनचे जवळजवळ सगळे गेम चालतात, शिवाय त्याआधीच्या एक्सबॉक्स ३६० चे आणि अगदी पहिल्या एक्सबॉक्सचेही निवडक शेकडो गेम चालतात. चालणारी ३६० ची डिस्क आत घातली की मशीन ती ओळखतं आणि नव्या मशीनसाठी केलेलं व्हर्जन इंटरनेटवरून उतरवतं, डिस्क फक्त किल्लीसारखी आत ठेवायची. म्हणजे पहिल्या वेळेला नेट हवंच. कायनेक्टचे हात हलवून खेळायचे गेम सिरीज एक्सवर चालत नाहीत. चालणाऱ्या जुन्या गेमच्या यादीत भर पडायचं नोव्हेंबर २०२१ मधे थांबलं, तेव्हा जो गेम आज चालत नाही तो पुढच्या वर्षी चालेल या आशेवर डिस्क घेऊ नका. ३६० चं स्वतःचं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मधे बंद झालं पण नव्या मशीनवर चालणारे जुने गेम नव्या मशीनच्या दुकानात अजून मिळतात. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही, त्यामुळे तिथे सगळं डिजिटल. जुने गेम बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवरून इथेही थेट चालतात.

निन्टेन्डोचं थोडक्यात. जून २०२५ मधे आलेल्या स्विच २ मधे पहिल्या स्विचची बहुतेक गेम कार्डं चालतात. नव्वदीत आपण टीव्हीला लावायचो त्या नळकांडीवजा जॉयस्टिक आणि पिवळ्या कॅसेटवाल्या गेममधले मूळ निन्टेन्डोचे बरेच गेम आता त्यांच्या ऑनलाइन वर्गणीत मिळतात. आणि उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर हातात धरून खेळायच्या स्विचइतकं कमी तापणारं यातलं दुसरं काही नाही, सरळ उचलून घरातल्या गार खोलीत जाऊन बसता येतं.

डिस्क विकत घ्यायच्या तर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका, कधीकधी चांगला माल हाती लागतो. डिस्क उन्हात तिरकी धरून बघा, बारीक पुसट चरे चालतात पण गोलाकार गेलेला खोल चरा असेल तर सोडून द्या. पुसताना मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. आणि घेतलेल्या डिस्क गाडीच्या डिकीत विसरू नका, एप्रिलच्या उन्हात त्या वाकतात.

टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि जुन्या गेममधे हे फार जाणवतं. चित्र ताणून पूर्ण स्क्रीनभर करू नका. पीएस १, पीएस २ च्या काळातले बहुतेक गेम चारास तीनच्या चौकोनी टीव्हीसाठी केलेले आहेत, बाजूला काळ्या पट्ट्या असल्या तरी चेहरे नीट दिसतात.

आता खोली

पुण्याला एक देणगी आहे आणि ती आपण नीट वापरत नाही. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंची आणि कोरडी हवा, त्यामुळे एप्रिलमधे दुपारी शिवाजीनगरला ३८-३९ असलं तरी पहाटे पारा बऱ्याचदा २०-२२ वर उतरतो. मुंबईकरांना हे मिळत नाही. पाषाण, एनडीएकडे रात्री आणखी गार असतं, मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कच्या बाजूला जरा कमी उतरतं. तर रात्रीची ही गार हवा घरात भरून घ्यायची आणि दिवसाची गरम हवा बाहेर अडवायची, सगळी युक्ती एवढीच. बरेच लोक नेमकं उलटं करतात, दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि रात्री डास येतात म्हणून संध्याकाळपासूनच घट्ट बंद.

सकाळी आठ-साडेआठला उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद करा, पडदे ओढा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की उरलेल्याही बंद. आतल्या बाजूचा पडदा ऊन अडवतो पण तोवर काच तापलेली असते आणि ती उष्णता आत आलेली असते, म्हणून सावली खिडकीच्या बाहेर पाहिजे. बुरुड आळीतून बांबूची चिक करून आणा आणि बाहेरून सोडा, नाहीतर हिरवी शेडनेट बोहरी आळीत मिळते ती ग्रिलला बाहेरून बांधा. पश्चिमेच्या खिडकीला हे केलंत तर संध्याकाळी खोलीत पाय टाकल्या टाकल्या फरक कळतो. खर्चाच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही.

संध्याकाळी पश्चिमेकडून वारं सुटतं पण लगेच भुलू नका, हवा अजून तापलेली असते. एक थर्मामीटर आत आणि एक गॅलरीत ठेवा, बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की सगळ्या खिडक्या उघडायच्या. साधारण आठ ते नऊच्या दरम्यान ही वेळ येते, घराप्रमाणे मागेपुढे. इथून खरं पंख्याचं काम सुरू होतं.

छतावरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. त्यासाठी दोन खिडक्या आणि एक ढकलणारा पंखा लागतो. ज्या बाजूला गार हवा आहे, म्हणजे झाडं, मोकळी जागा, दिवसभराची सावली, त्या बाजूची खिडकी फक्त उघडी ठेवायची. पलीकडच्या बाजूच्या खिडकीसमोर टेबल फॅन किंवा स्टँडिंग फॅन तोंड बाहेर करून लावायचा. हो, बाहेर. गरम हवा बाहेर ढकलली की तिच्या जागी गार हवा दुसऱ्या खिडकीतून आपोआप आत ओढली जाते. पंखा अगदी खिडकीला चिकटवू नका, दीड-दोन फूट मागे ठेवा, झोताबरोबर आजूबाजूची हवाही ओढली जाते आणि जास्त हवा बाहेर पडते. मधले दरवाजे उघडे, न लागणाऱ्या खोल्यांचे दरवाजे बंद. चाललंय की नाही बघायला उदबत्ती घ्या आणि आत येणाऱ्या बाजूच्या खिडकीजवळ धरा, धूर खोलीकडे वळला की रस्ता बरोबर आहे, धूर जागच्या जागी घुटमळत असेल तर कुठलातरी दरवाजा बंद आहे किंवा जाळी चोंदलेली आहे.

जाळीचं खास सांगतो. डासांच्या जाळीवर धूळ साचली की हवा निम्मीसुद्धा येत नाही, आणि पुण्यात कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच. महिन्यातून एकदा जाळी काढून साबणाच्या पाण्याने घासा. डासांना घाबरून खिडकी बंद करण्यापेक्षा जाळी स्वच्छ ठेवणं केव्हाही बरं.

वेगळा पंखा नसेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट वापरा. रात्री ज्या खोलीत बसणार किंवा झोपणार तिची एकच खिडकी उघडी ठेवायची, बाकी सगळ्या बंद, तिथून स्वयंपाकघरापर्यंतचे दरवाजे उघडे आणि एक्झॉस्ट चालू. बाहेरची हवा त्या एका खिडकीतूनच तुमच्या अंगावरून येते. त्याच्या पात्यांवर तेलकट काजळी बसलेली असेल तर आधी ती काढा, नाहीतर नुसता आवाज. पहाटेपर्यंत हे चालू ठेवलं की भिंती आणि फरशीही गार होतात, आणि खरा साठा तिथे असतो. नुसती हवा गार केली तर ती तासाभरात तापते, गार भिंती दुपारपर्यंत साथ देतात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत जाड भिंती आणि मधला चौक हेच काम करायचे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. आरसीसीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत ते खाली सोडत राहतो, म्हणून तिथे रात्री नऊला छतावरचा पंखा लावला की गरम झोत अंगावर येतो. अशा वेळी तो बंद ठेवून खाली स्टँडिंग फॅनच वापरा, खिडकीकडून झोत घ्या. आणि सोसायटीला विचारून गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घ्या. मार्चमधेच मारा, मेमधे मारून अर्धा उन्हाळा वाया जातो. वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर त्याला चालेल असाच रंग निवडा.

छतावरच्या पंख्याकडेही एकदा नीट बघा. पात्यांच्या कडेला धुळीचा जाड थर बसला की वारा कमी होतो, ओल्या फडक्याने पुसा. पाच नंबरवर असूनही पंखा मरगळल्यासारखा फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, तपकीर गल्लीत किंवा जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुन्यावर २.५ लिहिलं असेल तर २.५ चाच आणा, मोठा लावला की जास्त पळेल असं करायला जाऊ नका, मोटर तापते. हे काम वायरमनकडून करून घ्या. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणि स्लॅबपासून निदान फूटभर खाली असली तर वारा चांगला लागतो.

नवीन पंखा घेणार असाल तर बीएलडीसीच घ्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा. साधा पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी २८ ते ३५. १२ तास चालला तर महिन्याला साधा ७५ वॅटचा २७ युनिट आणि ३० वॅटचा बीएलडीसी ११ युनिटच्या आत. दोन खोल्यांत मिळून ३० हून जास्त युनिट वाचतात, आणि महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो त्यामुळे काठावर असाल तर फरक आणखी दिसतो. शिवाय पंख्याची मोटरही खोलीतच तापते ना, तीही उष्णता कमी. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तारे बघाच, पण खोक्यावर मिनिटाला किती घनमीटर हवा हेही बघा, कमी वॅटचा पण वाराच नसलेला पंखा काय कामाचा. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर लावायचा नाही, रेग्युलेटर काढून सरळ स्विचवर घ्या.

ज्या दिवसांत पारा चाळिशी गाठतो तेव्हा पंख्यावर विसंबायचं नाही. २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरला ४३ झालं होतं, असे दिवस परत येतात. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं, त्याहून गरम हवा अंगावर मारली की शरीर तापतं, मग घाम वाळण्यामुळे जो काय गारवा मिळेल तेवढाच. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या खालीच पंखा वापरा असं सांगते. अशा दुपारी ओला पंचा मानेवर, हातापायांवर पाणी, माठातलं पाणी पीत राहायचं, आणि घरात आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल तर घरातल्या सगळ्यात गार खोलीत त्यांची सोय आधी. गेम नंतर.

कूलर असेल तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो, फक्त खिडकीला पाठ करून लावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत दमट वाफ साचते. वाळ्याच्या ताट्या असतील तर वासही सुंदर. पण झोत कन्सोल आणि टीव्हीवर येऊ देऊ नका. जूनमधे हवा दमट झाली की कूलर उचलून ठेवायचा, तेव्हा त्याचा उपयोग नाही.

कन्सोलची जागा

टीव्हीखालचं बंद कपाट सगळ्यात वाईट जागा. पीएस ५ पुढून हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो, भिंतीपासून निदान १० सेंटीमीटर सोडा असं सोनी सांगते, उन्हाळ्यात मी तर फूटभर सोडा म्हणेन. एक्सबॉक्स सिरीज एक्स उभा असला की गरम हवा वरून बाहेर पडते, त्याच्या डोक्यावर रिमोट, डिस्क, क्रोशाचा रुमाल काही ठेवायचं नाही. कन्सोल जमिनीवर नको, पंख्याने उडालेली धूळ खालीच फिरत असते, सतरंजीवर तर अजिबात नको.

टेबल फॅनचा झोत कन्सोलच्या मागच्या बाजूवर समोरासमोर मारू नका, बाहेर पडणारी गरम हवा परत आत ढकलली जाते. पंखा बाजूला ठेवून झोत आडवा जाऊ द्या, म्हणजे मागची गरम हवा दरवाजाकडे किंवा खिडकीकडे वाहत जाते. हात मागे धरून बघा, जिथे गरम वाफ लागते तिथून तिला खोलीबाहेर जायला रस्ता आहे का तेवढं तपासा. रात्री बाहेर फेकणारा स्टँडिंग फॅन त्याच बाजूला लावता आला तर एकाच पंख्यात दोन्ही कामं होतात.

पीएस ५ च्या बाजूची झाकणं सरकवून काढता येतात, आत धूळ जमायला दोन भोकं दिलेली आहेत, प्लग काढून व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढून घ्या. मार्चमधे एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा पुरे. त्याच्या आत खोलवर जाऊ नका, प्रोसेसरवर लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, आहे, ते सांडलं तर मशीन जाईल.

वेळ अशी ठेवा की सकाळी आठ ते बारा खेळायचं, तेव्हा भिंती गार असतात. एक ते पाच बंद किंवा फार तर निन्टेन्डोचा स्विच. मग रात्री खिडक्या उघडल्यावर हवं तेवढं. दुपारी खेळायचंच असेल तर उत्तरेची किंवा पूर्वेची खोली घ्या, जुना हलका गेम लावा, एक पंखा अंगावर आणि एक कन्सोलच्या मागून आडवा. आतला आकडा बाहेरच्याच्या वर गेला तर सावलीकडची खिडकी उघडा, मग बंद ठेवण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की गेम सेव्ह करा, कन्सोल रेस्ट मोडमधे न ठेवता पूर्ण बंद करा आणि कन्सोल, टीव्ही, राउटर तिन्हीचे प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. खिडकीतला पंखा लगेच आत घ्या, भिजलेला पंखा परत लावायचा नाही. कन्सोल, टीव्ही आणि दोन पंखे एकाच स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर त्यांची वाटणी करा, आणि बोर्ड हाताला गरम लागत असेल तर तो आजच बदला.